फुफ्फुसात डाग दिसला, आता पुढे? पहिल्या एक्स-रेपासून उपचारापर्यंत: नाशिककरांसाठी

एक्स-रेवर डाग दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कॅन्सर तर नाही ना?’ प्रश्न बरोबरच आहे. पण त्यामागोमाग जी धावपळ सुरू होते ती बहुतेकदा उलट्या क्रमाने होते. कुणी कुणाच्या तरी सांगण्यावरून थेट पेट स्कॅन (शरीरातल्या जास्त सक्रिय पेशींच्या जागा चमकवून दाखवणारा स्कॅन) करून येतं. कुणी तीन महिने टीबीच्या गोळ्या खाऊन येतं. कुणाचा गाठीचा तुकडा (बायोप्सी) काढून झालेला असतो, पण तो इतका बारीक असतो की रिपोर्टात ‘नमुना अपुरा’ एवढंच लिहून येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

मी नाशिकमधल्या एका ब्रॉन्कोस्कोपी कक्षात, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासतात त्या खोलीत, तंत्रज्ञ आहे. दुर्बीण लावणं, धुणं, डॉक्टरांच्या हातात सुई देणं, नमुन्याच्या बाटल्यांवर नावं लिहिणं हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या पेशंटला काय झालंय आणि कोणतं औषध द्यावं हे इथे मिळणार नाही. तपासण्या कोणत्या क्रमाने व्हाव्यात, प्रत्येक ठिकाणी काय विचारावं आणि हातात काय घेऊन बाहेर पडावं, एवढंच सांगतो.

या सगळ्यामागे एकच तत्त्व आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तीन गोष्टी कळाव्या लागतात: कॅन्सर आहे का आणि कोणत्या जातीचा, तो कुठवर पोचलाय, आणि त्याच्यावर कोणतं औषध चालेल. नमुना योग्य जागेवरून आणि पुरेसा घेतला तर तिन्ही उत्तरं बऱ्याचदा एकाच तपासणीत मिळतात. जागा चुकली तर पेशंटला दोन-तीन वेळा टोचून घ्यावं लागतं.

आधी कपाट उघडा

पैसे न लागणारी सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे जुना फोटो. डाग आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, यावर पुढचं सगळं ठरतं. घट्ट गाठ दोन वर्षांत जराही वाढलेली नसेल तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

‘जुना एक्स-रे नाही हो आमच्याकडे,’ असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. शोधा, मिळतो. २०२० आणि २०२१ मध्ये निम्म्या नाशिकने कोरोनासाठी छातीचा एचआरसीटी काढला होता. ती फिल्म कपाटावर, गादीखाली, कुठेतरी असतेच. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांत वार्षिक तपासणीत एक्स-रे काढतात, तो कंपनीच्या मेडिकल विभागाकडे मागा. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला फोटो त्या दवाखान्याच्या फाइलमध्ये असू शकतो. सीटी असेल तर नुसती फिल्म नको, सीडी आणा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप असतात.

खोकला, टीबी आणि ‘गोळ्या सुरू करून बघू’

निफाडचा पारा खाली गेला की जिल्ह्यातला प्रत्येक दुसरा माणूस खोकतो, त्यामुळे खोकल्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला मात्र तपासायला हवा. थुंकीतून रक्त, आवाज बसणं, वजन उतरणं, बोटांची टोकं फुगीर होणं, एकाच जागी दुखणारी छाती, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया यातलं काही असेल तर लगेच.

आपल्याकडे टीबी जास्त आहे आणि एक्स-रेवर टीबी आणि कॅन्सर एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून आधी टीबी तपासणं अगदी योग्य. घोळ होतो तो थुंकी न तपासता एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू केल्यावर. थुंकीची सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी) तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि निकाल लवकर येतो. जंतू सापडला तर टीबी आहे, सहा महिन्यांचं औषध नीट घ्यायचं. जंतू सापडला नाही आणि तरी डॉक्टर केवळ फोटोवरून औषध सुरू करत असतील तर एक प्रश्न विचारा: ‘पुन्हा फोटो कधी काढायचा आणि डाग कमी झाला नाही तर पुढे काय करायचं?’ याचं तारखेसह उत्तर मिळालं पाहिजे. चाळिशी ओलांडलेला, बिडी-सिगारेट ओढणारा माणूस असेल, जंतू सापडलेला नसेल आणि महिना-दीड महिन्यात डाग तसाच असेल, तर गोळ्यांचे आणखी महिने मोजत बसण्यात अर्थ नाही.

टीबी सापडला म्हणजे कॅन्सर नाही, असंही नव्हे. दोन्ही एकाच फुफ्फुसात असू शकतात. टीबीचं औषध पूर्ण होऊनही गाठ राहिली तर तिचा वेगळा तपास करावाच लागतो.

सीटी कोणता काढायचा

कोरोनापासून छातीचा सीटी म्हणजे एचआरसीटी असं समीकरण झालंय. एचआरसीटी फुफ्फुसाच्या जाळीदार आजारांसाठी चांगला, पण तो साधारणपणे शिरेतून औषध न देता काढतात. गाठीचा संशय असेल तर छातीच्या मध्यभागातल्या लसीका ग्रंथी आणि रक्तवाहिन्या वेगळ्या दिसायला हव्यात. त्यासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून ते औषध, देऊन काढलेला छातीचा सीटी लागतो, आणि तो यकृत व मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी दिसतील इतका खालपर्यंत हवा, कारण हा कॅन्सर तिथे जाऊ शकतो. चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी चेस्ट’ असेल तर सेंटरवर पोचण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) करावं लागतं. पूर्वी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल तर तिथल्या माणसाला आधीच सांगा.

रिपोर्टात ‘नोड्यूल’ आणि ‘मास’ असे शब्द येतील. तीन सेंटिमीटरपर्यंत नोड्यूल, त्यावर मास. सगळेच नोड्यूल कॅन्सर नसतात, बहुसंख्य नसतातच. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना जगभर वापरतात. जोखीम कमी असलेल्या माणसात सहज सापडलेली सहा मिलिमीटरपेक्षा लहान एकच घट्ट गाठ असेल तर नेहमीच्या पाठपुराव्याची गरज नाही. सहा ते आठ मिलिमीटर असेल तर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी. आठच्या वर असेल तर तीन महिन्यांनी सीटी, पेट किंवा तुकडा यातलं काय करायचं याचा विचार. पाच मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी कुणी घाईघाईने सुई घालायला निघालं तर थांबा, दुसरं मत घ्या. पेशंटला आधी कॅन्सर झालेला असेल तर मात्र हे आकडे लागू होत नाहीत.

गळा चाचपला का?

फुफ्फुसाचा आजार म्हणून सगळे फुफ्फुसाकडेच बघतात. पण नमुना घेण्याची सगळ्यात सोपी जागा कधी कधी बाहेरच असते. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात गाठ लागते का ते बघायला हवं. तिथे गाठ असेल तर सोनोग्राफीखाली साध्या सुईने नमुना घेता येतो, दहा मिनिटांचं काम. कॅन्सर निघाला तर तो किती पुढे गेलाय हेही त्याच सुईने सांगितलं, कारण गळ्यापर्यंत पोचलेला आजार म्हणजे ऑपरेशनने निघणारा आजार नव्हे. मग फुफ्फुसात सुई घालून फुफ्फुस फाटण्याचा धोका कशाला पत्करायचा?

छातीत पाणी झालं असेल तर तेही तसंच. ते पाणी काढून पेशी तपासतात. आजूबाजूला टीबी इतका असल्यामुळे सोबत एडीए, म्हणजे टीबीचा अंदाज देणारी तपासणी, हीही पाठवतात. पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या तर आजार चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात धरतात. एकदा काढलेल्या पाण्यात काही मिळालं नाही म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. अशा वेळी छातीच्या पिंजऱ्यातून दुर्बीण घालून आतल्या पडद्याचा तुकडा घेता येतो, त्याला मेडिकल थोरॅकोस्कोपी म्हणतात. पाणी काढून फेकून देऊ नका, जास्तीत जास्त पाणी पॅथॉलॉजीत पोचवा. त्यातल्या पेशी गोळा करून ‘सेल ब्लॉक’ बनवायला सांगा, त्यावर पुढच्या तपासण्या होऊ शकतात.

आत जायचं तर कुठल्या वाटेने

बाहेर सोपी जागा नसेल तर मग आमच्या खोलीचा नंबर लागतो. डॉक्टर सीटी समोर ठेवून वाट ठरवतात. तुम्हाला त्यातला फरक माहीत असेल तर संमतीपत्रावर सही करताना काय होणार हे कळेल.

पहिली वाट म्हणजे साधी ब्रॉन्कोस्कोपी. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी एका माणसाच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड सरळ नळीतून काढलं, तिथून या विद्येची सुरुवात धरतात. वाकणारी दुर्बीण १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी आणली. आज ती करंगळीपेक्षाही बारीक असते, नाकातून किंवा तोंडातून जाते. गाठ मोठ्या श्वासनलिकेत दिसत असेल तर समोर बघून चिमट्याने तुकडे घेता येतात.

दुसरी वाट ईबस. दुर्बिणीच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते, तिने श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर दिसते आणि दिसत असतानाच सुई त्या ग्रंथीत जाते. सुई आत-बाहेर होताना पडद्यावर तिची पांढरी रेघ हलताना दिसते. बाहेर आल्यावर काचेवर गांडुळासारखे बारीक लालसर धागे पडतात, तोच आपला नमुना. काही ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट खोलीतच बसून पहिली काच रंगवून बघतात आणि ‘पुरेसं आहे’ किंवा ‘अजून घ्या’ असं तिथल्या तिथे सांगतात. ही सोय असेल तर ती घ्या.

ईबसवर मी जरा जास्त लिहितोय, कारण छातीच्या मध्यातल्या ग्रंथी फुगलेल्या असतील तर माझ्या मते हीच पहिली पसंती असावी. मूळ गाठीऐवजी ग्रंथीतून नमुना घेतला आणि तिथे कॅन्सर निघाला, तर निदानही झालं आणि टप्पाही कळला. याला संशोधनाचा आधार आहे. २०१० मधल्या ‘अ‍ॅस्टर’ चाचणीत ऑपरेशनने ग्रंथी तपासणं आणि आधी दुर्बिणीतून सुई, मग गरज पडली तरच ऑपरेशन, यांची तुलना केली. ग्रंथीतला कॅन्सर पकडण्याचं प्रमाण नुसत्या ऑपरेशनमध्ये ७९ टक्के, दुर्बीण आधी केल्यावर ९४ टक्के होतं. नंतर उगाच झाली असं ठरलेली छातीची मोठी ऑपरेशनं १८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत सीटीनंतर सुरुवातीलाच ईबस केलेल्यांचा उपचाराचा निर्णय सरासरी १४ दिवसांत झाला, नेहमीच्या क्रमाने गेलेल्यांना २९ दिवस लागले.

तिसरी वाट सीटीखाली बाहेरून सुई. गाठ बरगडीजवळ, कडेला असेल तर ही सरळ पडते. तोटा असा की सुईच्या छिद्रातून हवा गळून फुफ्फुस आक्रसू शकतं. बरेचदा ते आपोआप भरून येतं, काहींना छातीत नळी टाकावी लागते. दमेकरी किंवा वर्षानुवर्षं बिडी ओढून फुफ्फुस फुगलेला पेशंट असेल तर हा धोका वाढतो.

चौथी वाट नवी आहे. सीटीवरून आतल्या फांद्यांचा नकाशा बनवून दुर्बीण कडेच्या गाठीपर्यंत नेतात, काही ठिकाणी रोबोटच्या मदतीने. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेरिटास’ चाचणीत दहा ते तीस मिलिमीटरच्या गाठींसाठी नकाशावाली दुर्बीण आणि बाहेरची सुई समोरासमोर ठेवली. अचूकतेत दुर्बीण मागे पडली नाही: ७९ टक्के विरुद्ध ७३.६ टक्के. फुफ्फुस आक्रसण्याचं प्रमाण मात्र ३.३ टक्के विरुद्ध २८.३ टक्के, एवढा फरक. रोबोट आपल्याकडे मोजक्या मोठ्या शहरांत आहे. त्याच्या हट्टापायी दोन महिने थांबू नका, कडेची मोठी गाठ साध्या सुईनेही नीट मिळते.

आणि पेट स्कॅन? कॅन्सरचा दाट संशय असेल आणि बरं करण्याच्या इराद्याने उपचार होण्याची शक्यता असेल, तर नमुन्याच्या आधी केलेला पेट उपयोगी पडतो. कोणत्या जागी सुई घालायची ते त्यातून ठरतं. पण पेट म्हणजे निदान नव्हे. पेटमध्ये टीबीच्या ग्रंथीही चमकतात. ‘पेटमध्ये चमकलं, म्हणजे चौथा टप्पा’ असं कुणी म्हणालं तर त्या चमकलेल्या जागेचा तुकडा घेतला का, हे विचारायलाच हवं. मधुमेह असेल तर पेटच्या दिवशीच्या औषधांबद्दल आदल्या दिवशी सेंटरशी बोलून घ्या, साखर फार वाढलेली असेल तर स्कॅन पुढे ढकलतात.

तपासणीचा दिवस

सर्वात जास्त तपासण्या रद्द होतात त्या दोन कारणांनी: पेशंट काहीतरी खाऊन आला, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालूच राहिली.

ॲस्पिरिनवर साधारणपणे तपासणी होते. क्लोपिडोग्रेल मात्र तुकडा घ्यायच्या पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते. पण ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आणा. वॉरफरीन आणि नव्या गोळ्यांचं गणित वेगळं असतं, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा. ‘ती बीपीची छोटी पांढरी गोळी’ यावरून आम्हाला काही कळत नाही.

जेवणानंतर साधारण सहा तास जायला हवेत. साध्या पाण्याला किती सूट आहे ते विचारून घ्या. सुरगाणा, पेठ, कळवणकडून पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांची यात फार ओढाताण होते. घरून उपाशी निघायचं, ठक्कर बाजारला उतरायचं आणि नंबर दुपारी बारा वाजता. वेळ आधी फोनवर विचारा आणि शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच शहरात या. मधुमेहींनी सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा.

खोलीत आल्यावर कवळी काढून ठेवायची. आधी नाकाघशात बधिर करणारं औषध: वाफ, जेल, फवारा. चव कडू असते, घसा जाड झाल्यासारखा वाटतो, ‘गिळता येत नाही’ म्हणून माणूस घाबरतो. श्वास चालू असतो. मग शिरेतून गुंगीचं औषध. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, नाकाला ऑक्सिजन. दुर्बीण स्वरयंत्रातून जाताना खोकल्याची जोरदार उबळ येते, आणि त्याच क्षणी पेशंट हाताने दुर्बीण ओढायला बघतो. म्हणून आम्ही आधीच सांगतो, ‘बाबा, बोलायला जाऊ नका, काही झालं तर डावा हात वर करा, आम्ही थांबतो.’ तुम्हीही घरून पेशंटला हे सांगून आणलंत तर काम सोपं होतं.

बाहेर बसलेले नातेवाईक सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न इथेच घेतो. निफाडकडचे एक दादा मागे दाराशी उभे राहून म्हणाले, ‘सुई लावली की पसरतो म्हणतात, मग राहू द्या की.’ सुईच्या वाटेवर पेशी सांडणं ही वैद्यकात नोंदलेली, पण फारच दुर्मीळ गोष्ट आहे. तुकडा न घेता घरी बसलेला कॅन्सर मात्र स्वतःहून पसरतोच. ‘सुई लावली आणि महिन्यात गेले’ अशा ज्या गोष्टी गावात सांगतात त्या पेशंटचा आजार सुईच्या आधीच खूप पुढे गेलेला असतो.

तपासणीनंतर घशाची बधिरता जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाण्याचा घोटही द्यायचा नाही. मायेपोटी चहा पाजणारे नातेवाईक दर आठवड्याला भेटतात, आणि तो चहा श्वासनलिकेत जाऊ शकतो. नंतर आधी पाण्याचा एक घोट, ठसका लागला नाही तरच पुढचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. थुंकीत एक-दोन दिवस रक्ताच्या रेघा, संध्याकाळी किरकोळ ताप, घसा धरणं हे चालतं. चमच्या-चमच्याने रक्त येऊ लागलं, दम वाढला किंवा छातीत अचानक टोचून दुखलं तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जा.

बाटल्या, लेबलं आणि ब्लॉक

नमुना बाहेर आला की तो कोणत्या बाटलीत पडतो याला फार महत्त्व आहे. कॅन्सर तपासायचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो. टीबीचा जंतू वाढवून बघायचा नमुना सलाइनमध्ये, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो. आपल्याकडे दोन्ही शक्यता असतात, म्हणून दोन्ही बाटल्या पाठवाव्यात. तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, ‘टीबीसाठीही पाठवणार ना?’ हे एक वाक्य पुष्कळ त्रास वाचवतं.

बाटली तुमच्या हाती देऊन लॅबमध्ये पोचवायला सांगितली तर तीवरचं नाव, वय, बाजू (उजवी की डावी) वाचून घ्या आणि सरळ लॅब गाठा. वाटेत जेवायला थांबून ती दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. लॅबची पावती जपून ठेवा.

लॅबमध्ये त्या तुकड्याचा मेणात ठोकळा बनतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. रिपोर्टाचा कागद आला म्हणजे काम संपलं असं समजू नका. दुसऱ्या मतासाठी, जनुक तपासणीसाठी, ट्रायलसाठी (नव्या उपचारांच्या अभ्यासासाठी) पुढे हाच ब्लॉक लागतो. परळला टाटा मेमोरियलला गेलात तर तिथे ब्लॉक आणि स्लाइड मागतात. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी दादर गाठायचं आणि तिथे कळायचं की ब्लॉक नाशिकच्या लॅबमध्येच राहिला, हा फेरा टाळता येतो. निघण्याच्या दोन दिवस आधी ब्लॉकसाठी लॅबला लेखी अर्ज द्या. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, त्यासाठी हॉस्पिटलने भरून दिलेला फॉर्म लागतो, तोही तेव्हाच मागून घ्या.

औषध ठरण्याआधी जनुक

पूर्वी रिपोर्टात ‘स्मॉल सेल’ आणि ‘नॉन स्मॉल सेल’ या कॅन्सरच्या दोन मुख्य जाती, एवढ्यावर भागत असे. आता नॉन स्मॉल सेलमध्येही कोणत्या जनुकात बिघाड आहे ते बघतात: ईजीएफआर, एएलके, आरओएस१ आणि आणखी काही. सोबत पीडी-एल१ ही तपासणी, तिच्यावरून इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं) चालेल का याचा अंदाज येतो. भारतीय पेशंटमध्ये, विशेषतः कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्यांत, ईजीएफआरचा बिघाड बऱ्यापैकी सापडतो आणि त्यावर गोळी आहे.

इथे एक सवय मोडायला हवी: ‘किमो झेपणार नाही, गोळी सुरू करून बघू.’ २००९ मधल्या ‘आयपास’ चाचणीने दाखवलं की बिघाड असणाऱ्यांत गेफिटिनिबची गोळी किमोपेक्षा सरस ठरली, पण बिघाड नसणाऱ्यांत तीच गोळी किमोपेक्षा स्पष्टपणे वाईट ठरली. अंदाजाने गोळी देणं म्हणजे काही पेशंटचं नुकसान करणं. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी ३५० पेशंटवर केलेल्या आणि २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात ईजीएफआरवाल्यांना नुसती गेफिटिनिब आणि गेफिटिनिबसोबत किमो अशी तुलना होती. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, दुष्परिणामही अर्थात वाढले. हे परळमध्ये, आपल्याच माणसांवर झालेलं काम आहे, त्यामुळे कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलताना ते निर्धास्त विचारा.

सगळी जनुकं एकत्र बघणाऱ्या तपासणीला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर मेंदूचा एमआरआय, फुफ्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी, हृदयाची तपासणी उरकून घ्या. तुकडा कमी पडला तर रक्तातून जनुक शोधण्याची सोय आहे, पण रक्तात काही मिळालं नाही म्हणून बिघाड नाहीच असं ठरत नाही.

श्वासनलिका बंद व्हायला लागली तर

हा भाग थोडक्यात, पण तातडीचा. गाठ मोठ्या नळीत वाढली तर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, पडून राहता येत नाही. याला दमा समजून पंप मारत बसू नका. अशा वेळी पूर्ण भूल देऊन सरळ, कडक नळीची ब्रॉन्कोस्कोपी करतात, गाठ कापून किंवा जाळून वाट मोकळी करतात आणि गरज असेल तर स्टेंट बसवतात. कॅन्सर त्याने बरा होत नाही, पण माणूस किमो किंवा रेडिएशन घेण्याइतका सावरतो. ही सोय प्रत्येक हॉस्पिटलमध्ये नसते, रुग्णवाहिका निघण्याआधी फोन करून ‘रिजिड ब्रॉन्कोस्कोपी होते का?’ एवढं विचारा.

पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, रेडिएशन येतात. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करायला टाका, ऐनवेळी तिथेच अडतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. अडचण अशी की निदान होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च अनेकदा आधी खिशातून जातो. म्हणून सीटी काढण्यापूर्वीच योजनेत काय बसतं आणि भरती होऊन तपासणी केली तर काय बसतं, हे विचारा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं मेडिकल कॉलेज इथे आधी चौकशी केलीत तर चांगलं. ‘सरकारी म्हणजे नको’ असं म्हणून शेत गहाण ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. निदानाची घाई आणि निर्णयाची घाई यात फरक आहे.

ट्रायलबद्दल विचारलं तर

मोठ्या केंद्रात गेल्यावर ‘एका अभ्यासात सहभागी व्हाल का?’ असं विचारतील. ‘आमच्यावर प्रयोग करतायत’ म्हणून लगेच नाही म्हणू नका आणि फुकट औषध मिळतंय म्हणून लगेच होही म्हणू नका. भारतात २००९ पासून प्रत्येक औषधी चाचणी सीटीआरआय या सार्वजनिक नोंदणीत असावी लागते. अभ्यासाचा नोंदणी क्रमांक मागा आणि मुलाबाळांना मोबाइलवर बघायला सांगा. संमतीपत्र मराठीत मिळण्याचा तुमचा हक्क आहे. घरी नेऊन वाचा. चार गोष्टी विचारा: मला नेहमीचा उपचार तरी मिळणारच ना, चिठ्ठ्या टाकून गट ठरवणार असतील तर मी कोणकोणत्या गटात जाऊ शकतो, जादा तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च कोण देणार, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार. मधेच बाहेर पडता येतं, त्याने तुमचा नेहमीचा उपचार थांबत नाही.

घरातल्या बाकीच्यांचं काय

‘वडिलांना झालं, मग आम्हीही सीटी काढू का?’ कमी किरणांच्या सीटीने चाळणी करण्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या ५३ हजारांहून जास्त लोकांच्या २०११ मधल्या अभ्यासात त्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी झाले. पण ती सगळी माणसं ५५ ते ७४ वयाची आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढणारी होती. आणि त्या अभ्यासातही सीटीवर संशयास्पद दिसलेल्या दर शंभरात शहाण्णव डाग कॅन्सर निघाले नाहीत. आपल्याकडे टीबीचे जुने वण त्यात भर घालणार. म्हणून पस्तिशीतल्या, कधी न ओढलेल्या मुलाने सीटी काढण्यात अर्थ नाही. पन्नाशीपुढचा, वीस-तीस वर्षं रोज पाकीट किंवा बिडीचं बंडल संपवणारा असेल तर छातीच्या डॉक्टरांशी बोलावं. बिडी ‘पानाची असते म्हणून सौम्य’ हा सिन्नरकडचा समज अजून टिकून आहे. बिडीनेही हा कॅन्सर होतो. सोडायची असेल तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

पुन्हा तुकडा मागतील तेव्हा

उपचार सुरू होऊन काही महिने बरे गेले आणि मग आजार पुन्हा वाढला की डॉक्टर दुसऱ्यांदा नमुना मागू शकतात. नातेवाईक वैतागतात, ‘एकदा सिद्ध झालंय ना?’ पण गोळी घेताना कॅन्सरच्या पेशी बदलतात, नवा बिघाड तयार होतो, क्वचित कॅन्सरची जातही बदलते, आणि जुन्या तुकड्यावर ते कळत नाही. अशा वेळी वाढलेल्या नव्या जागेतून नमुना घेतात, शक्य असेल तर आधी रक्तातून बघतात. येताना पहिला रिपोर्ट, जनुकाचा रिपोर्ट, आधीचे आणि आताचे सीटी यांच्या सीड्या, आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली व थांबली याचा एक कागद आणा. तारखा आठवत नसतील तर मेडिकलची बिलं चालतील.